एआरटी सुरू झाल्यावर माणूस किती वर्षं जगतो, आणि ते मोजतात कसं

मागच्या महिन्यात ऐरोली स्टेशनच्या पुलावर ओळखीतल्या एकीने मला बाजूला घेतलं, मागेपुढे बघितलं आणि हळूच विचारलं, अगं तुझ्या घरात आहे म्हणून तुलाच विचारते, भावाचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू करतायत, किती वर्षं मिळतील गं त्याला? मी पटकन बोलून गेले की अगं खूप, काळजी नको करू. पण ट्रेनमध्ये बसल्यावर वाटलं की हे काही उत्तर नाही, कारण ती धीर मागत नव्हती, खरोखर माहिती मागत होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी सांगते की मी डॉक्टर नाही. ऐरोलीत डेटाचं काम करते, आकडे बघणं हा रोजचा धंदा. आणि माझी मावशी कोपरखैरण्यात राहते, ती २००५ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांवर आहे. तिला विचारूनच तिच्याबद्दल लिहितेय. ती म्हणाली, "लिही, नाव तेवढं टाकू नको, बाकी सगळं लिही."

तर पहिल्यांदा आजार समजून घेऊ, फार खोलात जात नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या एका प्रकाराला सीडी४ म्हणतात. मावशीचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, वाशीच्या मार्केटला माथाडी होते, त्यामुळे मला ही गोष्ट टोळीच्या भाषेत पटकन कळली. सीडी४ म्हणजे टोळीचा मुकादम. गोणी तो स्वतः उचलत नाही, पण कुठली गाडी लागली, कुणी कुठे जायचं, हे तोच ओरडून सांगतो. एचआयव्ही हा विषाणू नेमका या मुकादमालाच धरतो. बाकीचे कामगार हजर असतात पण त्यांना सांगणारंच कुणी नसतं, मग जो जंतू एरवी आपल्याला साधा खोकलासुद्धा आणत नाही तो माणसाला आडवा करतो. निरोगी माणसाचा सीडी४, म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधल्या या पेशी, साधारण ५०० ते १५०० च्या मध्ये असतो, २०० च्या खाली गेला की धोका एकदम वाढतो, आणि त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही आणि एड्स एकच नाही, एचआयव्ही अंगात असूनही एड्स कधीच झाला नाही अशी लाखो माणसं आज आहेत.

दुसरा आकडा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती फिरतोय. सीडी४ सांगतो नुकसान किती झालंय आणि व्हायरल लोड सांगतो नुकसान करणारा अजून किती जोरात आहे. गोळ्यांचं काम हा दुसरा आकडा खाली पाडणं, पहिला मग आपोआप हळूहळू वर येतो, कुणाचा सहा महिन्यांत, कुणाला दोन-तीन वर्षं लागतात, आणि फार उशिरा सुरुवात झाली असेल तर कधीकधी पूर्ण वर येतच नाही.

गोळ्या करतात काय? विषाणू मुकादमाच्या घरात घुसतो, आपली चिठ्ठी, म्हणजे स्वतःसारखे विषाणू बनवायच्या सूचना, पेशीला समजेल अशा भाषेत लिहून काढतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे तिच्या डीएनएमध्ये, नेऊन चिकटवतो. मग पेशी ती आपलीच समजून तिच्या कॉपीवर कॉपी काढत बसते. आता आपल्याकडे बहुतेकांना जी एकच गोळी मिळते, टीएलडी, तिच्यात तीन औषधं आहेत. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हे दोघं त्या लिहिण्याच्या कामात खोडा घालतात, आणि डोल्युटेग्राव्हिर चिकटवण्याचं काम अडवतं. तीन कशाला, तर हा विषाणू लिहिताना सतत चुका करतो आणि त्या चुकांमधूनच एखाद्या औषधाला न जुमानणारी कॉपी निघते, पण तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवेल अशी कॉपी निघणं फार अवघड. मात्र ज्या वह्यांमध्ये चिठ्ठी आधीच चिकटलीय आणि ज्या पेशी झोपून आहेत, तिथे या गोळ्यांचं काही चालत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नसला तरी गोळी बंद केली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो परत वर येतो. "बरं वाटतंय की आता, कशाला घ्यायची" हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे.

आता थोडा इतिहास, कारण "किती वर्षं" या प्रश्नाचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलंय आणि लोकांच्या डोक्यात अजून जुनंच उत्तर बसलंय. पहिलं औषध, झिडोव्ह्युडिन, १९८७ ला आलं, पण एकटं औषध फार दिवस टिकत नव्हतं. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि अमेरिका-युरोपमध्ये मृत्यू धाडकन खाली आले. आपल्याकडे? औषध जगात होतं पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. माथाडीच्या घरात हा आकडा ऐकून काय उपयोग. २००१ मध्ये सिप्ला या आपल्याकडच्या औषध कंपनीने अशीच तीन औषधं आफ्रिकेत काम करणाऱ्या मदत संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली आणि सगळ्या जगात किमती कोसळायला लागल्या.

काका त्याच वर्षी गेले. २००१, पावसाळा. मी शाळेत होते. एका खाजगी हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, तिथे त्यांचं जेवणाचं ताट दारातून पायाने आत सरकवलेलं मी स्वतः पाहिलंय, स्टीलचं ताट फरशीवर घासत गेल्याचा आवाज अजून कानात आहे. त्यांना एआरटी मिळालीच नाही, कुणी नावसुद्धा काढलं नाही. नंतर मावशीची टेस्ट झाली, तीही पॉझिटिव्ह. आमच्या आजीने तेव्हाच मनाने दोघांचं उरकून टाकलं होतं असं आई सांगते.

१ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, अगदी मोजक्या आठ सरकारी हॉस्पिटलांत, त्यात मुंबईचं जेजे होतं. मावशीला ते कळायला आणि तिथवर पोचायला २००५ उजाडलं. तोवर तिला टीबी झालेला, वजन चौतीस किलो, सीडी४ ११८. तेव्हा नियमच असा होता की साधारण २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत, औषध थोडं आणि माणसं जास्त, त्यामुळे जास्त आजारी असेल त्याला आधी. बसने वाशी, तिथून हार्बरने सँडहर्स्ट रोड, डोक्यावर पदर आणि पिशवीत केळी, म्हणजे कुणी विचारलं तर नातेवाईक ॲडमिट आहे असं सांगता यावं.

आता मुख्य मुद्दा. "एआरटीवर इतके टक्के लोक पाच वर्षांनी जिवंत आहेत" असं वाचतो तेव्हा तो आकडा काढतात कसा? वाटतं सोपंय, शंभर जणांनी सुरू केलं, पाच वर्षांनी मोजलं, झालं. पण शंभर जण एकाच दिवशी येत नाहीत. कुणी पाच वर्षांपूर्वी आलाय, कुणी मागच्या महिन्यात. कुणी साताऱ्याला गावी गेला आणि तिकडच्या सेंटरला ट्रान्सफर घेतली. कुणी नुसताच यायचा थांबला. मग यांना कशात धरायचं?

ठाणे-वाशी लोकल घ्या. मला बघायचंय की उभं राहून प्रवास सुरू करणाऱ्या बायकांपैकी किती जणींना किती वेळाने सीट मिळते. ठाण्याला चाळीस जणी उभ्या आहेत. ऐरोलीला पाच जणींना सीट मिळाली. रबाळ्याला सहा जणी उभ्या-उभ्याच उतरून गेल्या. या सहा जणींना "सीट मिळाली" म्हणता येत नाही आणि "वाशीपर्यंत मिळालीच नाही" असंही म्हणता येत नाही. पण एक गोष्ट पक्की माहितीये, रबाळ्यापर्यंत त्या उभ्या होत्या. तर त्यांना रबाळ्यापर्यंत हिशोबात धरायचं आणि पुढच्या स्टेशनपासून एकूण संख्येतून काढायचं. घणसोलीला चढलेलीचा प्रवास घणसोलीपासून मोजायचा. आणि प्रत्येक टप्प्याला विचारायचं, आत्ता जेवढ्या उभ्या होत्या त्यातल्या किती उभ्याच राहिल्या, आणि हे सगळे टप्प्यांचे हिस्से एकमेकांना गुणत जायचं. एवढंच. याला कॅप्लन-मायर पद्धत म्हणतात, एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोन अमेरिकन माणसांनी हे आधी वेगवेगळं लिहून पाठवलं होतं, शेवटी १९५८ ला एकत्र छापलं गेलं. कॅन्सर असो, एचआयव्ही असो, किती रुग्ण किती काळ जगले याचे जे पायऱ्या-पायऱ्यांचे उतरते ग्राफ दिसतात ते बहुतेक याच हिशोबाने काढलेले असतात.

आता हेच एआरटीच्या रजिस्टरला लावू, इथे उभं राहणं म्हणजे जिवंत असणं आणि सीट मिळणं म्हणजे मृत्यू. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतेय, कुठल्याही सेंटरचे नाहीत. समजा १०० जणांनी गोळ्या सुरू केल्या. पहिल्या तीन महिन्यांत ६ वारले, उरले ९४. मग १० जण यायचे थांबले, उरले ८४. वर्ष पूर्ण होईपर्यंत त्या ८४ मधले २ वारले. हिशोब काय, तर पहिल्या टप्प्यात १०० पैकी ९४ टिकले, दुसऱ्यात ८४ पैकी ८२ टिकले, दोन्ही गुणले की साधारण ९२ टक्के. छान वाटतं ना? पण यात एक गृहीतक गुपचूप बसलंय, की जे १० जण यायचे थांबले त्यांची तब्येत येत राहिलेल्यांसारखीच असणार. लोकलमध्ये रबाळ्याला उतरलेली बाई रबाळ्याला काम आहे म्हणून उतरली, सीटशी त्याचा संबंध नाही, तिथे ते गृहीतक चालून जातं. दवाखान्यात तसं नसतं. माणूस यायचा का थांबला? कदाचित बरं वाटायला लागलं म्हणून, कदाचित दुसरीकडे औषध घेतोय म्हणून, आणि कदाचित घरीच वारला आणि दवाखान्याला कळवायला कुणी गेलंच नाही म्हणून. समजा त्या १० मधले ५ खरं तर वारलेत, तर ९२ चे एकदम ८७ झाले.

आणि ही माझी कल्पना नाही. गरीब देशांतल्या सतरा अभ्यासांचा एकत्र हिशोब २००९ मध्ये झाला होता, औषध सोडून गेलेल्यांना घरोघरी जाऊन, फोन करून शोधलेलं. ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यातले साधारण ४० टक्के वारलेले निघाले. चाळीस! म्हणजे रजिस्टरमध्ये नुसतं "संपर्क नाही" लिहिलेली ओळ ही आकड्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. आमच्या ऑफिसात डेटामध्ये रिकामी जागा दिसली की मी ज्युनियर पोरांना पहिलं हेच विचारते, ही रिकामी का आहे?

आता त्या ग्राफचा आकार बघा, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लोकांना वाटतं की एआरटीवरचं आयुष्य म्हणजे दर वर्षी थोडं-थोडं खाली उतरणारी एकसारखी घसरगुंडी आहे. तसं नाहीये. उशिरा आलेल्यांमध्ये ग्राफ सुरुवातीला, पहिल्या तीन-सहा महिन्यांत, झपकन खाली येतो आणि मग जवळजवळ सपाट होतो. म्हणजे सगळ्यात मोठा धोका दहाव्या वर्षी नसतो, पहिल्या काही महिन्यांत असतो, गोळ्या हातात आल्यावर!

असं का? कारण गोळी विषाणूला लगेच अडवते पण मुकादमांची फौज परत उभी राहायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आधीच अंगात दबा धरून बसलेला आजार डाव साधतो. आपल्याकडे त्यात पहिला नंबर टीबीचा. मग मेंदूच्या आवरणाला होणारा क्रिप्टोकॉकसचा बुरशीचा आजार, एक प्रकारचा न्यूमोनिया, वगैरे. कधीकधी उलटंच होतं, प्रतिकारशक्ती जागी होते आणि आत लपलेल्या टीबीवर इतक्या जोरात तुटून पडते की ताप वाढतो, गाठी सुजतात, आणि घरच्यांना वाटतं औषधानेच बिघडलं. मावशीला हेच झालं होतं, दुसऱ्या महिन्यात मानेला लिंबाएवढी गाठ आली, शेजारची म्हणाली गोळ्या सोड, अंगावर उठल्यात. ती सोडणारच होती. काउन्सेलरने तिला अर्धा तास बसवून समजावलं म्हणून ती आज आहे, हे ती स्वतः सांगते.

म्हणून सुरुवातीला दर वेळी तेच चार प्रश्न विचारतात, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. कंटाळा येतो त्या प्रश्नांचा, पण खरं सांगा, लपवू नका. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून वेगळ्या गोळ्या देतात, सीडी४ कमी असेल तर कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची गोळी पण जोडीला देतात. ही जास्तीची गोळी लोक "किती गोळ्या खायच्या" म्हणून सोडतात, सोडू नका, ती नेमकी त्या पहिल्या उतरणीसाठीच आहे.

२००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक मोठी तुलना छापून आली होती, गरीब देशांतले आणि श्रीमंत देशांतले एआरटीवरचे रुग्ण. पहिल्या महिन्यात गरीब देशांत मृत्यूचा धोका चार पटींहून जास्त होता, पण सातव्या महिन्यापासून वर्षाच्या शेवटापर्यंत तो फरक दीडपटीवर आला. आणि त्याच अभ्यासातली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते, गरीब देशांमध्ये जिथे औषध फुकट मिळत होतं तिथे मृत्यूचा धोका विकत घ्याव्या लागणाऱ्या ठिकाणांपेक्षा साधारण पाऊण हिश्श्याने कमी होता. याचा अर्थ सरळ आहे, पैसे संपले की डोस चुकतो. सरकारी सेंटरला जायला लाजून जे लोक मेडिकलमधून गुपचूप गोळ्या विकत घेतात त्यांना मी हेच सांगते, लाजेपोटी पुढे खंड पडेल, त्यापेक्षा रांगेत उभे राहा.

मग पहिलं वर्ष पार झालं की पुढे काय? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या हजारो लोकांचा एक हिशोब २०२३ मध्ये आला. तिथे २०१५ नंतर एआरटी सुरू केलेला आणि निदान एक वर्ष गोळ्या घेतलेला चाळीस वर्षांचा पुरुष सरासरी अजून ३७ वर्षं जगेल असा अंदाज निघाला, तिथल्या सर्वसाधारण पुरुषाला तेव्हा साधारण ४१ मिळत होती. फरक चार वर्षांचा! पण याच्या आत बघितलं तर सीडी४ ५०० च्या वर असलेल्याला ३९ आणि ५० च्या खाली असलेल्याला जेमतेम २४. तेच देश, त्याच काळातली औषधं, आणि पंधरा वर्षांचा फरक. हे आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे टीबी जास्त, एकूण आयुर्मानच कमी, त्यामुळे जसेच्या तसे उचलून ठाण्याला लावू नका. पण लवकर सुरू केलं तर माणूस जवळजवळ इतरांइतकं जगतो आणि उशीर महाग पडतो, ही दिशा सगळीकडे तीच दिसते. पुलावर भेटलेल्या त्या ओळखीच्या बाईच्या भावाचा सीडी४ ४६० आलाय. मी तिला म्हटलं, बाई, हे आकडे एकदा परत वाच.

लवकर सुरू करावं की थांबावं हा वाद पण आता संपलाय. स्टार्ट नावाच्या मोठ्या चाचणीत सीडी४ ५०० च्या वर असलेल्या लोकांचे दोन गट केले होते, एकाला लगेच गोळ्या, दुसऱ्याला सीडी४ ३५० पर्यंत उतरल्यावर. २०१५ मध्ये निकाल आला, लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो उपचार द्या, आणि भारताने २०१७ च्या एप्रिलमध्ये ते लागू केलं. मावशीला जे २०० च्या खाली जाईपर्यंत थांबावं लागलं ते आज कुणालाच थांबावं लागत नाही.

आणि मध्ये सुट्टी घेतली तर? स्मार्ट नावाची दुसरी चाचणी होती, साडेपाच हजारांच्या आसपास लोक, त्यात एका गटाला सीडी४ चांगला असेल तेव्हा औषध बंद ठेवायचं आणि खाली आला की परत चालू करायचं असं ठरलेलं. जानेवारी २००६ मध्ये ती मध्येच गुंडाळावी लागली, कारण थांबून-थांबून घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यू अडीच पटींपेक्षा जास्त होते. आणि गंमत नाही, त्यांच्यात नुसता एड्सच नाही तर हार्ट, किडनी, लिव्हरचे आजारसुद्धा जास्त निघाले, म्हणजे विषाणू मोकाट सुटला की तो सगळ्याच अवयवांवर ताण आणतो.

व्हायरल लोडबद्दल एक गोष्ट घाईत पण ठासून सांगते. गोळ्या नीट चालू आहेत आणि व्हायरल लोड इतका कमी आहे की टेस्टमध्ये दिसतच नाही, अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे "बहुतेक नाही जात" असं नाहीये, मोठ्या अभ्यासांमध्ये अशा जोडप्यांमध्ये एकसुद्धा लागण जोडीदाराकडून झालेली सापडली नाही. लग्न, मुलं, सगळं शक्य आहे. आपल्याकडे सुरुवातीला सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही टेस्ट मोफत करतात, ती चुकवू नका.

इतकी वर्षं जगल्यावर मग जगण्याचे आपले नेहमीचे प्रश्न येतात. मावशी आज बासष्ट वर्षांची आहे. जुन्या गोळ्यांनी तिचे गाल बसले होते, स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध होतं ते, चेहऱ्याची आणि हातापायांची चरबी जायची, पायांना मुंग्या यायच्या, सोसायटीतल्या बायका गालांकडे बघून कुजबुजायच्या. ते औषध नंतर बंदच झालं. मग एफाव्हिरेन्झ, त्याने रात्री भलभलती स्वप्नं, एकदा म्हणे काका ताट मागत होते. आता टीएलडी, रोज एक गोळी, रात्री नऊच्या बातम्यांना. आता तिची काळजी आहे शुगर, बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी), कारण टेनोफोव्हिर काही जणांच्या किडनीवर ताण आणतं म्हणून ते तपासत राहतात. आणि एक बारीक गोष्ट, डोल्युटेग्राव्हिरबरोबर कॅल्शियम, लोहाच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या असतील तर औषध नीट शोषलं जात नाही, कुठली कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. मावशीला गुडघ्यासाठी बाहेरच्या डॉक्टरने कॅल्शियम लिहून दिलं होतं, त्यांना तिने सांगितलंच नव्हतं की मी एआरटीवर आहे. लपवण्याची सवय वीस वर्षांत अंगात मुरते.

तिच्या कपाटात साडीखाली हिरवं पुस्तक असतं, एआरटी सेंटरचं. त्यात तारखा, वजन, गोळ्यांचा हिशोब. सेंटरवर जाताना तिने उरलेल्या गोळ्यांची बाटली न्यायची, काउन्सेलर त्या समोर ओतून मोजणार. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले, तर दोन उरायला हव्यात. पाच उरल्या तर तीन डोस चुकले, मग विचारणार, काय झालं मावशी? हा प्रश्न रागावून विचारला तर माणूस पुढच्या वेळी घरीच तीन गोळ्या कचऱ्यात टाकून येतो, आणि प्रेमाने विचारला तर खरं सांगतो.

माणसं गळतात कुठे, तर अगदी साध्या ठिकाणी. सेंटर सकाळी चालू असतं आणि कंपनीत महिन्याला एक सुट्टी मागायला कारण लागतं. गणपतीला दहा दिवस गावी गेले आणि बाटली खोलीवरच राहिली. भाड्याची खोली बदलली, ठाण्यातून बदलापूरला गेले. सेंटरच्या बाहेर ओळखीचं कुणीतरी दिसलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकलच बंद, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, आणि सेंटरच्या लोकांनी, पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनांमधल्या कार्यकर्त्यांनी कितीतरी जणांच्या घरापर्यंत औषध पोचवलं. मावशीची बाटली एक मुलगा स्कूटरवर आणून खाली वॉचमनजवळ न ठेवता चौथ्या मजल्यावर हातात देऊन गेला होता, तिने त्याला चहा विचारला तर म्हणाला, "अजून अकरा घरं आहेत मावशी."

भारतात आज २५ लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतायत, त्यातले सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. २०१० च्या तुलनेत एड्सने होणारे मृत्यू जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी कमी झालेत असं नॅकोचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे, अंदाज सांगतात, आणि तरीही २०२३ मध्ये पस्तीस हजारांवर माणसं गेली. गोळी फुकट असताना. यातले बरेच जण उशिरा आलेले, मध्येच सुटलेले किंवा टेस्टपर्यंतच न पोचलेले असणार, असं मला सगळं वाचून वाटतं. यात एक वाटा आपलाही आहे. नोकरीवरून काढायची भीती, घरमालकाची भीती. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर यात भेदभाव करायला त्याने मनाई आहे, संमतीशिवाय टेस्ट करणं किंवा कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणं हे त्याच्या विरोधात आहे. हे जितक्या लोकांना माहीत होईल तितकं चांगलं, कारण त्या हॉस्पिटलमधलं ताट मी विसरू शकत नाही.

हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी गोळ्या मध्येच सोडलेलं असेल, सहा महिने, दोन वर्षं, कितीही, तर परत जा. जुनं सेंटर असेल तर तिथे, लाज वाटत असेल तर दुसऱ्या, कुठलं जवळ आहे ते १०९७ या मोफत नंबरवर विचारता येतं. हिरवं पुस्तक हरवलं असेल तरी चालतं, तुमचं पांढरं कार्ड, म्हणजे तुमच्या उपचाराची नोंद, सेंटरच्या रेकॉर्डमध्ये असतं. शेवटची गोळी कधी घेतली ते खरं सांगा, कारण त्यावर पुढचं ठरतं. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या आपल्या मनाने सुरू करू नका, आधी टीबी आहे का बघतील, सीडी४ परत काढतील आणि मग औषध चालू करतील. पहिले तीन महिने जरासा ताप किंवा डोकेदुखी आली तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.